काचेची चूल आणि माहेरचा गंज

दवनीवाडा,
१४ जानेवारी २०२५

प्रिय चेतना,

अनेक आशीर्वाद. सोबत तिळगूळ आहे. वाटेत चुरा झाला असेल तर चमच्याने खा, पण खा, आणि हे पत्र वाचून होईपर्यंत माझ्याशी गोडच बोल.

दिवाळीत तू मोबाइलवर तुझ्या नाशिकच्या नव्या घराचे फोटो पाठवलेस. हॉल, गॅलरी, गॅलरीतला झोपाळा, सगळ्याला मी "छान, छान" म्हटलं. खरं सांगू? माझं तिकडे लक्षच नव्हतं. माझा जीव अडकला तो तुझ्या ओट्यात. काळी कुळकुळीत काच, दगडातच बसवलेली. ना बर्नर, ना जाळ, ना लायटर, आणि तिच्यावर तुझा चहा खदखदत होता! त्या दिवसापासून माझ्या डोक्यात दुसरं काही नाही.

आता मुद्देसूद उत्तर दे. त्या काचेच्या चुलीला दुकानात काय नाव सांगून मागायचं? खेड्यातल्या विजेवर ती चालते का? आणि सदुसष्ट वर्षांच्या बाईचं ती ऐकते का? मागचं जुनं स्वयंपाकघर पाडून मी नवं बांधायला घेतलंय, हे तुला ठाऊक आहे. भिंती उभ्या राहिल्या, वर स्लॅब पडला, ओट्याचा काळा दगड गोंदियाहून येऊन अंगणात टेकून ठेवलाय. एकदा तो बसला की बसला. म्हणून घाई.

फोन का नाही केला म्हणशील. आपल्या घराण्यात फोन म्हणजे चावडी. तू स्पीकर लावतेस, तुझा नवरा मध्येच तोंड घालतो, आणि संध्याकाळपर्यंत पुण्याला माझ्या हिमांशुला सगळं कळलेलं असतं. शिवाय मी उभा जन्म दवनीवाड्याच्या पोस्टात शिक्के मारले. मी सांभाळलेल्या पोस्टातून माझीच पत्रं जाणार नसतील तर ते पोस्ट कुणासाठी?

आणि हो, माझ्या लेकाला यातलं अक्षरही कळू देऊ नकोस. लवकर लिही. मला धीर नाही.

तुझी आत्या,
सुशिला


नाशिक,
२३ जानेवारी २०२५

ती. आत्या,

नमस्कार. तिळगुळाचा भुगा झाला होता. चमच्याने खाल्ला, म्हणून गोड बोलते. आत्या, तुला झालंय तरी काय?

त्या काचेच्या चुलीला बिल्ट-इन इंडक्शन हॉब म्हणतात. नुसतं "हॉब" म्हटलंस तरी दुकानदाराला कळेल. पण तुला ती कशाला हवी, हे मला कळलंय! शेजारच्या चंद्रकांतावहिनींनी स्वयंपाकघरात कपाटं बसवून घेतली, हे तूच आधीच्या एका पत्रात दोन पानं भरून लिहिलं होतंस. त्यांच्याकडे कपाटं, तर माझ्याकडे काच! आत्या, या वयात चढाओढ?

चिडू नकोस, पण माझं ऐक. तुझी गॅसची शेगडी चांगली आहे. तुझ्या हातचे उडदाचे बडे (इकडे वडे म्हणतात) त्याच शेगडीवर झाले आणि आम्ही बोटं चाटत मोठे झालो. हौसच असेल तर बाजारात मिळते ती सुटी इंडक्शन शेगडी घे. प्लग लावला की झालं. दगड कापा, नवी वायर ओढा, हा सगळा खटाटोप कशाला? आणि हिमांशुदादापासून चोरून का? तो काय नको म्हणणार आहे?

तुझी,
चेतना


दवनीवाडा,
३ फेब्रुवारी २०२५

प्रिय चेतना,

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग रागावले, मग ठरवलं की खरं सांगून टाकावं. चंद्रकांताशी चढाओढ! अगं, आज मी जिवंत आहे ती तिच्यामुळे.

मागच्या वर्षी मला ताप आला होता, आठवतं? ताप गेला, पण माझं नाक घेऊन गेला. मला वास येत नाही, चेतना. अजिबात. फुलांचा नाही, फोडणीचा नाही, करपल्याचा नाही. सगळ्यांना सांगितलं सर्दी आहे. गोंदियाच्या डॉक्टरांनी औषधं दिली आणि म्हणाले, आला तर येईल, नाही तर नाही.

दसऱ्यानंतरची गोष्ट. दूध तापत ठेवून मी अंगणात गेले. वाऱ्याने जाळ विझला असावा. मी परत आले, दाराखिडक्या लावून घेतल्या आणि देवाजवळ दिवा लावायला काडेपेटी हातात घेतली. तेवढ्यात चंद्रकांता विरजण मागायला दारात आली आणि तिथूनच किंचाळली, "काकू, काडी नोका ओढू! गॅस सुटून राहिला ना! वास नाही येऊन राहिला का तुमाले?" काडी माझ्या बोटांत होती. घासायची तेवढी राहिली होती.

चंद्रकांताने फोन केला, आणि हिमांशु दुसऱ्या दिवशी पुण्याहून आला. रडला नाही, ओरडला नाही. सिलिंडरचा रेग्युलेटर काढला, रुमालात गुंडाळला आणि बॅगेत घालून पुण्याला घेऊन गेला. लोक आईच्या घरून लोणचं नेतात, माझ्या लेकाने रेग्युलेटर नेला! तेव्हापासून त्या सिलिंडरवर मी तुळशीची कुंडी ठेवली आहे. दोन वेळचा डबा चंद्रकांताकडून येतो. ती बिचारी मनापासून करते, पण ताट वाढून समोर आलं की मला माझ्याच घरात पाहुणी झाल्यासारखं वाटतं.

तू म्हणतेस ती सुटी शेगडीही आणून पाहिली. तिची वायर आडवी लोंबते, मोठं भांडं ठेवलं की ती सरकते. हिमांशुने व्हिडिओ कॉलवर बघितली आणि म्हणाला, "वायरीत पाय अडकून पडशील." तीही माळ्यावर गेली. आता त्याचं म्हणणं एकच आहे, घराला कुलूप लाव आणि पुण्याला चल. माझ्या काळजीनेच म्हणतो, कळतं मला. पण तिथे बाराव्या मजल्यावर मी काय करू? ओळखीचं माणूस नाही, दार उघडून कुणाला हाक मारायची सोय नाही. इथे माझं घर आहे, माझा ओटा होतोय. त्यावर मला माझ्या हाताने करून खाता आलं तर मी इथे राहीन. नाही आलं तर जावं लागेल.

म्हणून मला ती चूल हवी, बाई. जिला जाळ नाही, जिचा गॅस सुटत नाही. आता थट्टा पुरे. काय करायचं ते सांग.

तुझी आत्या


नाशिक,
११ फेब्रुवारी २०२५

आत्या गं,

तुझं पत्र मी जिन्यातच उघडलं आणि तिथेच बसून वाचलं. ती काडी माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. आणि मी चढाओढ म्हणाले! मला एक चापट मार, पण येऊन मार.

आता काम. कारखान्यात मी दिवसभर दुसऱ्यांच्या वस्तूंतले दोष काढते, तर माझ्या आत्याच्या चुलीत एकही राहू देईन का? दोन चुलींचा हॉब घ्यायचा, चारचा नको. तो साडेतीन किलोवॅट वीज ओढतो. तुझ्या घराचं मंजूर लोड त्याला पुरणार नाही, म्हणून आधी वीज कार्यालयात लोड वाढवून घे. मग मीटरपासून ओट्यापर्यंत हॉबची स्वतंत्र जाड वायर, तिला स्वतःचा एमसीबी, म्हणजे भार वाढला की आपोआप पडणारं बटण, आणि शॉक लागायच्या आत वीज तोडणारी आरसीसीबी. अर्थिंग नवीन, कोळसा-मीठ घालून खड्डा करून. यात हयगय नको. आणि बंद करायचं मुख्य बटण ओट्याच्या कडेला, हाताला येईल असं, चुलीवरून हात ओलांडावा लागेल असं नाही.

दगड कापताना मीही तिथे असते तर बरं झालं असतं. खोक्यात कापायच्या मापाचा कागद येतो. तोच दगडावर चिकटवायचा. काचेचं माप आणि भोकाचं माप वेगळं असतं, हे मिस्त्रीला दहादा सांग! भोक लहान, काच मोठी. हॉबच्या खाली पंखा असतो, तो खालून हवा घेतो. म्हणून खाली मोकळी जागा सोड आणि पुढून हवा जायला फट ठेव. तिथे ड्रॉवर करून कागद आणि फडकी कोंबशील, तुला मी ओळखते. आणि काच सिमेंटने किंवा गोंदाने चिकटवायची नाही. सोबत फोमची पट्टी येते, ती लावून नुसती टेकवायची, म्हणजे दुरुस्तीला उचलता येते.

आणि आत्या, ही चूल किती शहाणी आहे ते ऐक! भांडं नसेल तर ती तापतच नाही. भांडं उचललंस की थांबते. रिकामं भांडं विसरलीस आणि फार तापलं तर बंद होते. बटणांवर काही सांडलं तर बंद होते. तू तासन्‌तास काहीच हात लावला नाहीस तरी बंद होते. घड्याळ लावून ठेवता येतं. काच भांड्यामुळे गरम राहते तोवर "H" हे अक्षर तांबडं दिसतं. ते दिसेपर्यंत हात लावायचा नाही. कुलपाचं बटणही आहे. तुला नाक नाही ना? मग नाक लागणारच नाही अशी चूल आणू.

दादाला मी आपणहून काही सांगणार नाही. पण त्याने सरळ विचारलं तर मला खोटं बोलता येत नाही, हे आताच सांगून ठेवते.

तुझी,
चेतना


दवनीवाडा,
१६ मार्च २०२५

प्रिय चेतना,

बसली! चूल बसली! सगळं क्रमाने सांगायचं ठरवलंय, पण हात ऐकेल तर ना.

लोड वाढवून मिळायला वेळ लागला. मग वायरमन केवळरामने मीटरपासून नवी वायर ओढली, अंगणात खड्डा करून अर्थिंग केलं. तुझं पत्र मी त्याच्यासमोर धरून उभीच होते. तो म्हणाला, "परीक्षा घेऊन राहिल्या का माई?" मी म्हटलं, हो.

परवा हिरालाल मिस्त्री दगड कापायला आला. मी चहा आणायला चंद्रकांताकडे गेले (माझ्याकडे चूल कुठे होती!) आणि परत येऊन बघते तो त्याने काच दगडावर उपडी ठेवून तिच्या कडेने पेन्सिल फिरवलेली, आणि कापायची मशीन घरघर सुरू! मी चहा तसाच खाली ठेवला आणि ओरडले, "बंद कर!"

"काऊन बाई? काचेयेवढंच तं भोक पाडून राहिलो ना."

"अरे, काचेएवढं भोक पाडलंस तर काच टेकेल कशावर?"

तो काचेकडे बघत राहिला, मग दगडाकडे, मग मोठ्याने हसला. "हो ना बाप्पा! कढईत बडा पडल्यावानी पडली असती!" कागद कुठे होता म्हणशील? त्याने खोकं उघडताना तो बाजूला फेकला होता आणि त्यावर त्याचीच चप्पल होती. कागद झटकला, चिकटवला, आणि मग मी स्टूल घेऊन तिथेच बसले. अगदी मापात कापलं. फोमची पट्टी लावली, काच टेकवली, खाली हवेला जागा सोडली. तिथे जाळी मात्र लावून घेतली, उंदरांनी आत संसार थाटू नये म्हणून. ड्रॉवर नाही केला. तू मला फार ओळखतेस.

मग मी हळद-कुंकू आणलं. नव्या चुलीला नुसतं कसं सुरू करायचं? आपण गॅसच्या शेगडीलाही लावलं होतं. ओल्या हळदीची बोटं लावायची कुठे, तर जिथून ती सुरू होते तिथे, असं मला वाटलं. पाच बोटं ओढली, कुंकू वाहिलं, नमस्कार केला. केवळरामने बटण चालू केलं. चूल टीं टीं ओरडली आणि मेली! पुन्हा लावली, पुन्हा ओरडली. केवळरामने एमसीबी तपासला, वायर तपासली, घाम पुसला. शेवटी चंद्रकांता म्हणाली, "काकू, बटणावरचा ओला लगदा पुसून तं पाहा." पदराने पुसलं. दिवे लागले, लखलख! हळद-कुंकू आता काचेच्या वरच्या कडेला, भिंतीजवळ वाहते. तिची काही तक्रार नाही.

मग मी माझ्या हाताने कोरा चहा केला. केवळराम, हिरालाल, चंद्रकांता आणि मी, चौघांनी प्यायला. मला वास आला नाही, पण कपातून निघणारी वाफ मी बघत बसले. "H" दिसला की मी म्हणते हिमांशु आला, आता हात लावायचा नाही. खूप आनंद झाला गं.

पहिलं दूध मात्र अजून घातलेलं नाही. नव्या चुलीवर दूध उतू घालवायचं ते मुहूर्तालाच. अक्षय तृतीयेला घालीन.

तुझी आत्या


नाशिक,
२५ मार्च २०२५

ती. आत्या,

तुझं पत्र घरातल्या सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. काचेएवढ्या भोकाला माझा नवरा इतका हसला की त्याला ठसका लागला.

पण आता रागावू नकोस. दादाचा फोन आला होता. त्याने विचारलं, "आई इतकी खुशीत का असते हल्ली? घरात काय चाललंय?" सरळ विचारलं, आत्या. मी सांगितलं.

तो खूश होईल असं मला वाटलं होतं. तो धोकेच मोजायला लागला. काच आहे, फुटेल. वीज आहे, झटका बसेल. एकटी आहे, कळणार कुणाला. अक्षय तृतीयेला तो येतोय आणि परतीची दोन तिकिटं त्याने काढली आहेत. एक तुझं.

मी त्याच्याशी भांडले. कधी नव्हे ती भांडले. शेवटी एवढं कबूल करून घेतलं की त्या दिवशी तू नव्या चुलीवर सगळा स्वयंपाक करायचा, त्याने आधीपासून शेवटपर्यंत बघायचं आणि मगच ठरवायचं. एक जरी गोष्ट चुकली तर तू त्याच्याबरोबर जायचं. हे मी तुझ्या वतीने मान्य केलं. दुसरा उपाय दिसला नाही.

तुझी,
चेतना


दवनीवाडा,
२ एप्रिल २०२५

चेतना,

पोस्टकार्ड मुद्दाम लिहिते आहे. माझा राग वाटेतल्या सगळ्यांनी वाचावा. माझ्या वतीने मान्य करणारी तू कोण? माझी परीक्षा, आणि पेपर तू ठरवणार?

बरं. मान्य.

पण घात झालाय. पहिलं दूध माझ्या माहेरच्या पितळी गंजातच, त्या खोल पातेल्यातच, तापतं. तुझ्या आजोबांनी लग्नात दिलेला. मातीच्या चुलीला तोच, स्टोव्हला तोच, गॅसला तोच. काल चुलीवर ठेवून पाहिला. ती त्याला ओळखतच नाही! दिवा लुकलुकतो आणि विझतो. लोखंडी कढईही गोल बुडाची, डगमगते. कढई सपाट घेईन. माहेर कुठून आणू?

जागा संपली. राग नाही.

आत्या


नाशिक,
११ एप्रिल २०२५

ती. आत्या,

तुझं पोस्टकार्ड आमच्या वॉचमनने वाचलं आणि मला विचारलं, "ताई, परीक्षा कसली?" तुझा हेतू साध्य झाला.

पितळ या चुलीला दिसत नाही, कारण तिला लोहचुंबक चिकटेल असं बूड लागतं. भांडं घेताना फ्रिजवरचं चुंबक घेऊन जा, बुडाला चिकटलं तर घ्यायचं. मी काल तेच केलं. दुकानदार वैतागला. मी सगळ्या भांड्यांना चुंबक लावत फिरले आणि शेवटी जाड बुडाचा, रुंद तोंडाचा, अगदी तुझ्या गंजाच्या घडणीचा स्टीलचा एक मिळाला. पार्सल केलाय.

आजोबा नाहीत, बाबाही गेले. तू "माहेर कुठून आणू" लिहिलंस तेव्हा मला जरा लागलंच, आत्या. माहेर म्हणजे आता मी. हा गंज माहेरचा समज. त्याच्यावर तुझं नाव कोरून घेतलंय, पूर्वी कोरायचे तसं.

आता रोज तालीम कर. बडे तळ, कढी कर, वरण कर, घड्याळ लावून बघ, भांडं उचलून बघ. त्या दिवशी तुला काहीही नवीन वाटता कामा नये. दादा चुका शोधायलाच येणार आहे.

माझं सगळं लक्ष तिकडे.

तुझी,
चेतना


दवनीवाडा,
३ मे २०२५

प्रिय चेतना,

फोनवर तुला नुसतं "सविस्तर लिहिते" म्हटलं आणि तू तीन दिवस तळमळत असशील. तळमळ. पोस्टकार्डावरच्या रागाचा हिशेब चुकता.

हिमांशु आदल्या संध्याकाळी आला. आल्या आल्या दोन्ही तिकिटं देवाजवळ ठेवली. मग ओट्यासमोर उभा राहिला. खाली वाकून वायर बघितली, एमसीबी पाडून बघितला, काच ठोकून बघितली.

सकाळी पूजा झाली. तुझा गंज घासून-पुसून ठेवला होता. त्यावरचं माझं नाव बघून चंद्रकांता म्हणाली, "काकू, माहेर तं भारी हाय तुमचं." हळद-कुंकू कडेला वाहिलं, गंज चुलीवर ठेवला. चुलीने त्याला लगेच ओळखलं! दूध ओतलं, चूल मोठी केली आणि आम्ही तिघं बघत उभे राहिलो.

तू सांगितलेल्या सगळ्या तालमी मी केल्या होत्या. बडे तळले, कढी उकळली, वरण दोनदा केलं. एकच गोष्ट केली नव्हती, दूध उतू घालवणं. त्याची तालीम कशी करणार? पहिलं उतू जाणं मुहूर्ताचंच! आणि तुझ्या पत्रातलं ते "बटणांवर काही सांडलं तर" वाचताना मला वाटलं होतं, ते अपघाताबद्दल असेल. आपण तर मुद्दाम सांडणार होतो.

दूध चढलं. साय फुगली. मी हात जोडले. दूध काठावरून पांढरं शुभ्र खाली उतरलं, काचेवर पसरलं, बटणांपर्यंत गेलं, आणि चूल टीं टीं टीं ओरडून बंद पडली. सगळे दिवे गेले. दूध खाली बसलं.

चेतना, त्या ओल्या हळदीची गोष्ट तेव्हा आठवलीच नाही. पहिल्याच दुधाला चूल बंद! आणि हिमांशुच्या डोळ्यांदेखत! मी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हटलं, "चल. बॅग भरते मी." आणि खरंच आतल्या खोलीकडे निघाले.

"आई, थांब."

तो काचेकडे बघत होता. "कोणी बंद केली?"

"कोणी नाही. बिघडली."

"तू हात लावला?"

"नाही."

"चंद्रकांतावहिनी, तुम्ही?"

"मी कायले लावू? मी तं हात जोडून उभी होती!"

त्याने फडकं घेतलं, दूध पुसलं, बटण दाबलं. चूल सुरू झाली. त्याने वाटीभर पाणी घेऊन मुद्दाम बटणांवर ओतलं. टीं टीं, बंद. पुसलं, सुरू. पुन्हा ओतलं. मग गंज उचलला, बंद. चमचा ठेवला, तापेना. गेल्या दसऱ्यापासून जो माणूस माझ्याशी दबक्या आवाजात बोलत होता तो पार लहान झाला. पुण्याची भाषा गेली आणि ओरडला, "आई, हे तं स्वतःच बंद होऊन राहिली वो! दूध उतू गेलं, तू काहीच नाही केलं, मी काहीच नाही केलं, अन्‌ बंद झाली!"

"मग? बिघडली नाही?"

"बिघडली नाही वो माय! याच्यासाठीच तं बनवली हाय तिले!"

आणि मग खाली बसला आणि रडला. रेग्युलेटर नेला तेव्हा रडला नव्हता, ते सगळं आता रडला. म्हणाला, "पुण्यात रोज संध्याकाळी मला ती काडी दिसते, आई." मी त्याच्याजवळ बसले. चंद्रकांताही डोळे पुसत होती आणि त्याच पदराने काचही पुसत होती.

शेवटी नाक पुसत म्हणाला, "भूक लागली."

मग मी उठले. बडे तळले, कढी केली, वरण केलं, आमरस होताच. तो ओट्याला टेकून उभा होता. कढीच्या फोडणीत मेथी टाकली आणि तो हळूच म्हणाला, "आई, लाल झाली. वास आला. आता उतरव." किती दिवसांनी कुणीतरी मला माझ्या फोडणीचा वास सांगितला गं! मी उतरवली. अगदी वेळेवर होती.

पण लेक कुणाचा? जेवताना पुन्हा सुरू. "मी नसताना कोण सांगेल मेथी जळली ते?" मी म्हटलं, "घड्याळ सांगेल. चंद्रकांता दारातून सांगेल. आणि कुणीच नाही सांगितलं तर जळकी कढी खाईन, पण माझ्या हातची खाईन. घर तर जळणार नाही?" तो हसला. चौथा बडा घेतला. मला उत्तर मिळालं.

उतू जाऊन उरलेलं दूध मी पितळी गंजात ओतून देवापुढे ठेवलं. त्याचा मान त्याला. दोन्ही माहेरं शेजारी शेजारी छान दिसत होती.

काल त्याला सोडायला गोंदिया स्टेशनवर गेले. चंद्रकांताही आली. गाडी लागली, तो चढला, खिडकीशी बसला आणि एकदम कपाळावर हात मारून म्हणाला, "आई, तुझं तिकीट कॅन्सल करायचं राहिलंच! तुझी सीट पुण्यापर्यंत रिकामी जाणार."

माझ्या हातात डबा होता. सकाळीच केलेला, वर बडे, खाली वरण-भात. खिडकीतून दिला.

"जाऊ दे," मी म्हटलं. "हा ठेव तिच्यावर."

गाडी सुटली तेव्हा दिसत होतं. हिमांशु खिडकीशी, आणि शेजारी माझ्या जागेवर माझा डबा, सरळ बसलेला.

तुझी आत्या,
सुशिला